ओल्या मैदानावरचे घड्याळ

२०२१ सालच्या एप्रिलअखेरीस अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात तीन दिवस नावांचा पुकारा चालला होता. व्यावसायिक फुटबॉलच्या ३२ संघांनी कॉलेजांतून खेळणारी २५९ पोरे निवडली. त्या देशात काळ्या समाजाच्या शिक्षणासाठी निघालेली शंभराच्या आसपास महाविद्यालये आहेत. बहुतेक गुलामगिरी संपल्यानंतरची. वर्णभेदाचे कायदे असताना काळ्या मुलाला दुसरे दार उघडेच नव्हते, तेव्हा उभी राहिलेली. त्या २५९ नावांत या महाविद्यालयांतले एकही नाव नव्हते. पुढल्या वर्षी चार नावे आली. २०२३ मध्ये एक. २०२४ मध्ये पुन्हा शून्य. २०२५ मध्ये एक. पाच वर्षांत सुमारे तेराशे खेळाडू निवडले गेले, आणि त्यांत या साऱ्या संस्थांचे मिळून सहा!

२०२६ च्या एप्रिलमध्ये हाच बाजार पिट्सबर्गमध्ये भरतो आहे. कोणत्या संघाने कोणाला उचलावे याच्या याद्या आजच छापून येऊ लागल्या आहेत. दुर्लक्षित राहिलेले गुणी खेळाडू म्हणून जी नावे त्यांत फिरतात, तीही बहुतेक मोठ्या, धनाढ्य विद्यापीठांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीतली. ज्याला खरोखर कोणी पाहिलेच नाही, त्याचे नाव दुर्लक्षितांच्या यादीतही येत नाही. हा अन्याय आहे, आणि तो गुणवत्तेच्या नावाने चालला आहे म्हणून अधिक संतापजनक आहे.

कोणी म्हणेल, सातासमुद्रापलीकडच्या खेळाचे हे दुखणे मराठी वर्तमानपत्राने का उगाळावे? त्याला आमचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात लिहून झाले आहे. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, तेव्हा ते अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवले त्यांना अर्पण केले. तिकडच्या मुक्तीत जोतीरावांनी इकडच्या मुक्तीची आशा पाहिली. ज्या देशाला आपल्या माणसाने असे पुस्तक अर्पण केले, त्या देशाला ‘पुढे काय केलेत?’ असे विचारण्याचा हक्क त्या अर्पणपत्रिकेनेच आम्हाला दिला आहे.

आधी हा प्रकार नेमका काय आहे ते पाहू. हा फुटबॉल म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या पेठांतला पायाने खेळायचा खेळ नव्हे; लांबट चेंडू हातात घेऊन, अंगावर चिलखत चढवून खेळायचा, अंगाला अंग भिडवण्याचा तो खेळ. त्यात खेळाडू खासगी क्लबांत घडत नाहीत, कॉलेजांत घडतात. दर वर्षी व्यावसायिक संघ ओळीने बसून त्यांना निवडतात. मागल्या मोसमात जो तळाला होता त्याची पहिली पाळी, जो जिंकला त्याची शेवटची; अशा सात फेऱ्या. याचे नाव ड्राफ्ट. दुबळ्याला आधी संधी देण्याची ही कल्पना वरवर मोठी न्यायाची दिसते. पण पहिला ड्राफ्ट १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात झाला, तेव्हा या लीगमध्ये काळ्या खेळाडूला प्रवेशच नव्हता. १९३४ पासून १९४५ पर्यंत एकही काळा माणूस तिथे खेळला नाही. तसा लेखी नियम कुठे नव्हता. सगळ्या मालकांना तो न लिहिताच पाठ होता. म्हणजे दुबळ्यांना न्याय देणारी ही रचना जन्मली तीच सर्वांत दुबळ्याला दाराबाहेर ठेवून. काळ्यांच्या कॉलेजांतला पहिला खेळाडू, ग्रॅम्बलिंगचा टँक यंगर, १९४९ साली आत आला, तोही ड्राफ्टमधून नव्हे. कोणी निवडले नाही म्हणून लॉस एंजेलिसच्या संघाने त्याला बाहेरून घेतले.

आता पिट्सबर्गकडे वळू. येत्या ड्राफ्टसाठी या शहराची निवड कोणी का केली असेल ते असो. पण न्यायाची चाड असणाऱ्याने तिथे पाऊल टाकताना एका माणसाची आठवण काढलीच पाहिजे. त्याचे नाव बिल नन. तो प्रशिक्षक नव्हता, व्यवस्थापकही नव्हता. तो पत्रकार होता. काळ्या समाजाच्या ‘पिट्सबर्ग कुरियर’ या साप्ताहिकात तो क्रीडाविभाग पाहत असे. १९५० पासून दर वर्षी तो काळ्यांच्या कॉलेजांतल्या सर्वोत्तम खेळाडूंचा संघ निवडून छापी. त्यासाठी तो दक्षिणेतल्या गावोगावी फिरला, प्रशिक्षकांच्या घरी जेवला, धुळीच्या मैदानांच्या कडेला उभा राहिला. ती यादी पिट्सबर्गमध्येच छापली जाई. त्याच शहरातला स्टीलर्स हा संघ मात्र वर्षानुवर्षे हरत होता. १९३३ साली स्थापन झालेल्या या संघाला बाद फेरीतला पहिला विजय मिळायला १९७२ उजाडले. खजिना उंबऱ्यावर येऊन पडत होता आणि मालक उपाशी झोपत होते, कारण त्या यादीकडे त्यांचे पुरेसे लक्ष नव्हते.

१९६७ साली डॅन रूनी या मालकपुत्राने अखेर ननला बोलावले. आधी अर्धवेळ, मग पूर्णवेळ नेमले. आणि मग काय झाले पाहा. १९६९ मध्ये दहाव्या फेरीत एल. सी. ग्रीनवूड. १९७० मध्ये तिसऱ्या फेरीत मेल ब्लाउंट. १९७१ मध्ये आठव्या फेरीत अर्नी होम्स. तिघेही काळ्यांच्या कॉलेजांतले, तिघेही पुढे त्या संघाच्या बचावाचे आधारस्तंभ.

आणि मग १९७४. अलाबामातल्या हंट्सव्हिलजवळ अलाबामा ए अँड एम हे कॉलेज आहे. तिथे जॉन स्टॉलवर्थ नावाचा एक लांबसडक पोरगा खेळत होता. वेगवेगळ्या संघांचे निरीक्षक त्याची धाव मोजायला जमले. जमीन ओली होती. पोरगा धावला, पाय नीट रोवत नव्हते, घड्याळात वेळ वाईट लागली. निरीक्षकांनी वहीत आकडा टिपला, वही मिटली आणि ते पुढल्या गावाला गेले. नन गेला नाही. बरे वाटत नाही असे सांगून तो मागे थांबला. दुसऱ्या दिवशी त्याने पोराला कोरड्या जागी पुन्हा पळवले आणि आपले घड्याळ लावले. खरी वेळ त्याला मिळाली. कॉलेजकडे त्या पोराच्या खेळाची एकच फिल्म होती. तीही स्टीलर्सकडे गेली आणि निवड होईपर्यंत तिथेच राहिली, असे सांगतात.

इथे क्षणभर थांबावे. एका माणसाने जास्तीचे काय केले? जमीन वाळेपर्यंत वाट पाहिली. बाकीच्यांजवळही घड्याळे होती, तीच धाव त्यांनीही पाहिली होती. पण ओली जमीन आणि मंद पोरगा यांतला फरक ओळखायचा तर आधी त्या पोरावर विश्वास असावा लागतो, हा याहून अधिक वेगाने पळू शकतो असे मनात यावे लागते. ते फक्त ननच्या मनात आले, कारण अशी पोरे तो वीस वर्षे पाहत आला होता. बाकीच्यांनी मैदानाचा दोष पोराच्या नावावर मांडला.

त्या वर्षी स्टीलर्सनी पहिल्या पाच फेऱ्यांत लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट, स्टॉलवर्थ आणि माइक वेब्स्टर निवडले. चौघेही पुढे या खेळाच्या सन्मानपीठात, हॉल ऑफ फेममध्ये गेले. स्टॉलवर्थ चौथ्या फेरीत मिळाला, ८२ वा! आणि १७ फेऱ्या होऊन, ४४२ नावे पुकारून झाल्यावरही ज्याला कोणी हात लावला नव्हता, तो साउथ कॅरोलायना स्टेटचा डॉनी शेल ननने नंतर आणला. २०२० साली त्याचीही त्याच सन्मानपीठासाठी निवड झाली. १९७५ ते १९८० या सहा वर्षांत स्टीलर्सनी चार वेळा सुपर बोल ही लीगची अंतिम लढत जिंकली. हरण्याची सवय झालेला संघ एका पत्रकाराच्या वहीने जगज्जेता झाला. ननला स्वतःला त्या सन्मानपीठात जागा मिळाली २०२१ मध्ये. तो २०१४ सालीच गेला होता.

या लिहिणाऱ्याला स्टॉलवर्थची ती ओली जमीन वाचताना एक जिल्हा निवड चाचणी आठवते. कबड्डीची. रात्रभर एसटीत उभे राहून आलेला एक पोरगा मातीवर वाघासारखा खेळणारा होता; त्या दिवशी त्याने जन्मात पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवला, तोही अनवाणी. पहिल्याच चढाईत तो घसरला. टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता त्याच्या नावावर काट मारली. काट मारणाऱ्याच्या हाताला काही वाटले नाही, कारण त्याच्या लेखी त्याने फक्त जे दिसले ते लिहिले होते. जे दिसले ते लिहिले! जगातल्या निम्म्या अन्यायांना हेच वाक्य पुरले आहे.

आता आजच्या अमेरिकेतल्या सबबी ऐका. पहिली सबब अशी, की लीगमध्ये निम्म्याहून अधिक खेळाडू काळेच आहेत, मग भेदभाव कुठला? आम्ही सांगतो कुठला. काळा देह त्यांना हवाच आहे, तो त्यांना कधीच नको नव्हता. कापसाच्या मळ्यावरही तो हवाच होता. नको आहे ती काळ्यांनी चालवलेली संस्था, काळ्या प्रशिक्षकाचा शब्द, काळ्या पारख्याचा निवाडा. तोच पोरगा श्रीमंत गोऱ्या विद्यापीठाचा शिक्का घेऊन आला की त्याचे मोल लाखात. आपल्या आजोबांच्या कॉलेजात राहिला की त्याच्या खेळाची फिल्म लावायलाही कोणाला वेळ नाही. ज्या २०२१ सालात या कॉलेजांच्या वाट्याला भोपळा आला, त्याच सालात या लीगला आणखी एक गोष्ट सोडून देण्याची कबुली द्यावी लागली. डोक्याला मार बसून ज्यांची स्मृती गेली अशा निवृत्त खेळाडूंना भरपाई देताना एक सूत्र वापरले जात होते: काळ्या माणसाची बुद्धी मुळातच कमी धरायची, म्हणजे त्याची झालेली हानी कमी भरते आणि पैसेही कमी द्यावे लागतात. केविन हेन्री आणि नाजे डेव्हनपोर्ट या दोघा माजी खेळाडूंनी कोर्टात धाव घेतली तेव्हा हे चव्हाट्यावर आले. दोघेही पिट्सबर्गच्याच संघातले. एकविसाव्या शतकात, वकील-डॉक्टरांच्या साक्षीने, कागदावर मांडलेला हा वर्णद्वेष आहे! ज्यांच्या हिशोबात काळा मेंदू जन्मतःच उणा, त्यांच्या घड्याळावर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवावा काय?

दुसरी सबब: ही कॉलेजे खालच्या दर्जाच्या स्पर्धेत खेळतात, तिथल्या खेळावरून अंदाज येत नाही. हीही खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचा पुरावा त्याच २०२१ च्या ड्राफ्टमध्ये आहे. नॉर्थ डकोटा स्टेट हे विद्यापीठ तेव्हा अलाबामा ए अँड एमच्याच स्तरावर खेळत होते. तिथल्या ट्रे लान्सने आदल्या मोसमात एकच सामना खेळला होता. तरी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने पुढल्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी मोजून वरची जागा विकत घेतली आणि त्याला तिसरा म्हणून उचलला. त्या मुलाला आम्ही नावे ठेवत नाही. तो स्वतःही काळ्या बापाचा लेक आहे. पण भविष्य दिसते, खालचा स्तर आड येत नाही, असे त्या कॉलेजाबाबत ठरू शकते. मग हंट्सव्हिलबाबत का नाही? आणि अंदाज चुकायचा तो मोठ्यांबाबतही चुकतोच. त्याच सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ च्या ड्राफ्टमधल्या अगदी शेवटच्या, २६२ व्या निवडीत घेतलेला ब्रॉक पर्डी लान्सला मागे सारून संघाचा नायक झाला.

ज्या थोड्यांना दार उघडले गेले त्यांनी काय केले तेही बघा. साउथ कॅरोलायना स्टेटचा शकील लेनर्ड २०१८ मध्ये इंडियानापोलिसकडे आला आणि पहिल्याच वर्षी साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक टॅकल करून (चेंडू नेणाऱ्याला पाडून) बचावातला सर्वोत्तम नवोदित ठरला. अलाबामा ए अँड एमचाच रॉबर्ट मॅथिस २००३ मध्ये पाचव्या फेरीत गेला. दहा वर्षांनी त्याने लीगमध्ये सर्वाधिक सॅक नोंदवले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच फेकणाऱ्याला सर्वाधिक वेळा पाडले. जॅक्सन स्टेटच्या जेम्स ह्यूस्टनला डेट्रॉइटने २०२२ मध्ये सहाव्या फेरीत घेतले आणि बराच काळ राखीव ठेवले. उतरवले तेव्हा त्याने सात सामन्यांत आठ सॅक केले. फेएटव्हिल स्टेट तर त्याहूनही खालच्या विभागात खेळते. तिथला जोशुआ विल्यम्स पहिल्याच मोसमात कॅन्सस सिटीबरोबर सुपर बोल जिंकून घरी गेला. जुन्यांची नावे काय सांगावी? वॉल्टर पेटन, जेरी राइस, मायकेल स्ट्रॅहन, शॅनन शार्प: या खेळाचा इतिहास यांना वगळून लिहून दाखवावा!

तिसरी गोष्ट सबब नाही, खरी आहे, म्हणून तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे. ही कॉलेजे आज पूर्वीसारखी भरलेली नाहीत. १९७० नंतर दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांना कळले की काळ्या पोरांशिवाय सामने जिंकता येत नाहीत. तोवर ज्यांना वर्गात घेतले नव्हते त्यांच्यासाठी मग गळ टाकले गेले. आता तर खेळाडूला जाहिरातीचे पैसे घेता येतात, कॉलेज बदलताही येते, आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठ वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर थेट खेळाडूंना वाटू शकते. ट्रॅव्हिस हंटर हा देशातला सर्वाधिक नावाजलेला शाळकरी खेळाडू जॅक्सन स्टेटला आला तेव्हा साऱ्या समाजाची छाती फुगली. एका मोसमाने तो प्रशिक्षक डियॉन सँडर्सबरोबर कोलोरॅडोला गेला, तिथे त्याने कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी २०२४ ची हाइसमन ट्रॉफी जिंकली आणि २०२५ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने निवडला गेला. यादीत त्याच्या नावापुढे कोलोरॅडो आहे. पोराने चार पैसे का मिळवू नयेत? जरूर मिळवावेत. आमचा राग त्याच्यावर नाही. पण बी एकाने पेरायचे, पाणी एकाने घालायचे आणि कणीस आले की दुसऱ्याने तोडून न्यायचे, आणि मग रिकाम्या शेताकडे बोट दाखवून ‘या जमिनीत काही पिकत नाही’ म्हणायचे, हा कुठला न्याय?

आणि ती जमीन भुकी ठेवली कोणी? २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांनी आणि कृषिमंत्र्यांनी १६ राज्यांच्या राज्यपालांना पत्रे पाठवून सांगितले, की काळ्यांच्या जमीन-अनुदानित विद्यापीठांना गेल्या तीन दशकांत शेजारच्या गोऱ्या विद्यापीठांच्या मानाने १२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कमी मिळाली. एकट्या टेनेसी स्टेटचे दोन अब्जांहून अधिक. अलाबामा ए अँड एमचेही नाव त्यात आहे. हे पैसे मिळाले असते तर प्रयोगशाळा झाल्या असत्या, वसतिगृहे झाली असती, आणि हो, पावसात चिखल न होणारी मैदानेही झाली असती. आधी मैदान ओले ठेवायचे आणि मग त्यावर घड्याळ लावायचे!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दर वर्षी इंडियानापोलिसला निवडीपूर्वीची मोठी चाचणी भरते. तीनशेहून अधिक खेळाडूंना तिथे बोलावतात. २०२५ मध्ये या कॉलेजांतला एकटा कार्सन विन्सन तिथे होता. तोही अलाबामा ए अँड एमचाच, आणि बाल्टिमोरने त्याला पाचव्या फेरीत घेतले. त्या चाचणीत या कॉलेजांसाठी ठरावीक जागा राखून ठेवा. राखीव म्हटले की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांना आम्ही विचारतो: मोठ्या विद्यापीठांसाठी आजवर न लिहिता राखलेल्या जागांवर तुम्ही कधी आठी घातली होती काय? डग विल्यम्स आणि जेम्स हॅरिस या ग्रॅम्बलिंगच्या दोघा माजी खेळाडूंच्या पुढाकाराने २०२२ पासून न्यू ऑर्लिन्सला काळ्यांच्या कॉलेजांचा खास सामना होतो. ३२ पैकी प्रत्येक संघाने तिथे आपला निवडीचा अधिकार असलेला माणूस पाठवावा, हजेरी लावायला आलेला शिकाऊ नव्हे. एकेकाळी १७ फेऱ्या होत्या. ग्रीनवूड दहाव्या फेरीत मिळाला, काळ्यांच्या कॉलेजातलाच डीकन जोन्स चौदाव्या. १९९४ पासून फेऱ्या सात झाल्या, आणि ज्या दारातून हे लोक आत येत ते दारच भिंतीत गेले. फेऱ्या वाढवा.

सर्वांत मोठी मागणी पैशाची. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळात फिफाचा नियम आहे, की खेळाडूची मोठ्या रकमेला बदली झाली तर त्या रकमेचा पाच टक्के हिस्सा त्याला बारा ते तेविसाव्या वर्षांदरम्यान ज्यांनी घडवले त्या क्लबांत वाटला जातो. आफ्रिकेतल्या एखाद्या गल्लीतल्या क्लबलाही तो मिळतो. अमेरिकी कॉलेजांतला आजचा व्यवहार उघडउघड बाजार झालाच आहे, तर बाजाराची नीतीही पाळा. श्रीमंत विद्यापीठाने काळ्यांच्या कॉलेजातला खेळाडू नेला तर घडवणाऱ्याचा वाटा घडवणाऱ्याच्या हातात ठेवा, आणि ड्राफ्टच्या मंचावर त्याचे नाव पुकारताना पहिल्या कॉलेजाचेही नाव घ्या.

स्टीलर्सच्या कचेरीत ज्या खोलीत बसून ही निवड होते, तिला त्यांनी बिल ननचे नाव दिले आहे. एप्रिलमध्ये साऱ्या देशाचे कॅमेरे त्या शहरावर रोखलेले असतील, आणि त्या खोलीत काही माणसे याद्या पुढ्यात घेऊन बसलेली असतील. त्यांच्याजवळ अजून दिवस आहेत. त्यांनी हंट्सव्हिलला जावे, साउथ कॅरोलायना स्टेटच्या ओरेंजबर्गला जावे, जॅक्सनला जावे. एक दिवस जास्त राहावे. पाऊस पडला असेल तर मैदान वाळेपर्यंत थांबावे, आणि मग घड्याळ काढावे.